‘डीमॅन्युफॅक्चर’मधले ड्रम माणसाने वाजवले आहेत का, आणि या अल्बमला डेथ मेटल म्हणावे का?

विलंबित (प्रश्न)

फिअर फॅक्टरी या लॉस एंजेलिसच्या बँडचा १९९५ सालचा ‘डीमॅन्युफॅक्चर’ हा अल्बम गेले तीन आठवडे मी जवळजवळ रोज ऐकतो आहे, आणि त्याबद्दलच्या काही शंका जाणकारांपुढे मांडाव्यात असे वाटले म्हणून हे लिहितो. मी बारा वर्षे तबला शिकलो आहे. मेटल संगीताकडे फार उशिरा वळलो आणि तेही मावसभावाच्या आग्रहाने, त्यामुळे या संगीताचे शब्द वापरताना चूक झाली तर कृपया दुरुस्त करावी.

शीर्षकगीताच्या सुरुवातीला यंत्रांची घरघर ऐकू येते आणि मग गिटार व बास ड्रम एकदमच सुरू होतात. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर दोघे एकच बोल बोलत आहेत. आपल्याकडे एकल वादनात लेहरा आवर्तन धरून ठेवतो आणि तबला त्याच्यावर आपले स्वतंत्र म्हणणे मांडतो. येथे तसे काहीच नाही. गिटारच्या तारेवर जितके आघात होतात तितकेच आघात पायाखालच्या ड्रमवर होतात, नेमके त्याच क्षणी, आणि दोन आघातांमधली जागा इतकी कोरडी आहे की तिथे खोलीचा आवाजसुद्धा उरलेला नाही. पहिल्यांदा ऐकताना मी हे यंत्राने वाजवलेले असणार असे गृहीत धरले. पुढे वाचनात आले की हा माणूसच वाजवतो आहे, आणि तेव्हापासून माझे ऐकणे बदलून गेले आहे.

माझा पहिला प्रश्न असा की हे ड्रम खरोखर माणसाने वाजवलेले असतील, तर ते यंत्रासारखे ऐकू येण्याचे कारण वादनात आहे की ध्वनिमुद्रणात? दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा आहे. डेथ मेटल (खर्जातली गुरगुर आणि वेगवान ड्रम असलेले मेटल) आणि इंडस्ट्रियल (यंत्रांचे व इलेक्ट्रॉनिक आवाज वापरणारे संगीत) यांचा संगम म्हणून या अल्बमचे नाव घेतले जाते, पण मी ऐकलेल्या इतर डेथ मेटलशी याचे साम्य मला फारसे जाणवत नाही. तिसरा प्रश्न गायनाबद्दल आहे. गायक बर्टन बेल खर्जातल्या गुरगुरीतून एकदम स्वच्छ, लांब स्वरांकडे जातात आणि तरीही ते ठिगळ वाटत नाही, याचे काय कारण असावे?

पायपट्टी

मी गेली नऊ वर्षे ड्रम वाजवतो आणि तुमच्या पहिल्या प्रश्नात माझा जीव गुंतलेला आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

हे ड्रम रेमंड हेरेरा यांनी वाजवले आहेत. यंत्रासारखे ऐकू येण्याचे कारण दोन्हीकडे आहे, पण ते कसे वाटले गेले आहे हे समजून घेतले तर अल्बम अधिक उलगडतो. या प्रकारच्या वादनात बास ड्रमला ट्रिगर लावतात. ट्रिगर म्हणजे ड्रमच्या पुडीला चिकटवलेला एक छोटा संवेदक, जो आघात झाला की विजेचा एक स्पंद पाठवतो, आणि त्या स्पंदावर दुसऱ्या यंत्रातला आधीच मुद्रित केलेला एक ठोका वाजतो. पायाने कमी जोर दिला काय किंवा जास्त दिला काय, बाहेर येणारा ठोका बहुतेक सारख्याच वजनाचा असतो. म्हणजे आघाताची वेळ माणसाची असते आणि आघाताचा नाद यंत्राचा असतो. तबल्यात डग्ग्यावरच्या मनगटाच्या दाबाने जी घुमारी येते, जिच्यावरून वादकाचा हात ओळखता येतो, ती येथे मुद्दाम काढून टाकलेली असते. त्यामुळे वादकाला जे काही सांगायचे ते केवळ काळात सांगावे लागते, जोराच्या चढउतारात सांगता येत नाही.

आता वेळेचा हिशेब पाहा. मिनिटाला २०० मात्रांची लय धरली आणि प्रत्येक मात्रेत चार आघात केले, तर सेकंदाला तेरापेक्षा जास्त आघात होतात, म्हणजे प्रत्येक पायाला सेकंदाला सहा ते सात वेळा पट्टी दाबावी लागते. सलग वाजवायचे असेल तर हे मेहनतीने साधते, कारण पाय एकदा त्या गतीत पडले की शरीर त्यांना वाहून नेते. हेरेरा मात्र सलग वाजवत नाहीत. ते पाच आघात देतात, थांबतात, तीन देतात, थांबतात, पुन्हा सात देतात, आणि प्रत्येक थांबा गिटारच्या थांब्याशी जुळलेला असतो. धावत्या पायांना नेमक्या ठिकाणी रोखणे आणि पुढच्याच क्षणी त्याच गतीने पुन्हा सोडणे हे सलग धावण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

माझा अनुभव सांगतो. पुण्यात सरावाच्या खोलीत मी आणि माझ्या गिटारवादक मित्राने या शैलीतला एकच रिफ (गिटारवर पुनःपुन्हा वाजवला जाणारा छोटा तुकडा) घेतला आणि दोन आठवडे फक्त त्याचीच आवर्तने केली. वाजवताना आम्हाला वाटत होते की आम्ही एकत्र आहोत. मुद्रण ऐकले तेव्हा कळले की माझा पाय प्रत्येक गटाच्या पहिल्या आघाताला गिटारच्या किंचित आधी पोहोचत होता. तो फरक इतका बारीक होता की दोन वेगळे ठोके ऐकू येत नव्हते, पण ठोक्याची कड गेली होती. छिन्नीच्या घावासारखा जो टोकदार आवाज हवा, त्याच्याऐवजी ओल्या मातीवर काहीतरी पडावे तसा आवाज येत होता. शिवाय माझी चूक नेहमी गटाच्या सुरुवातीलाच होत होती, शेवटी कधीच नाही, म्हणजे थांबण्याच्या काळात माझे शरीर अधीर होत होते. ती अधीरता काढायला मला आणखी दोन महिने लागले आणि ती पूर्ण गेली असे आजही म्हणवत नाही.

म्हणून मला असे वाटते की या अल्बममधले यंत्रपण सर्वांत आधी हेरेरा आणि गिटारवादक डिनो कॅझारेस यांच्या शरीरात घडलेले आहे. कॅझारेस उजव्या हाताची कड तारांवर, घोडीजवळ टेकवून स्वर दाबून वाजवतात, त्यामुळे प्रत्येक स्वर जन्मतो आणि लगेच संपतो. तुम्ही ज्या कोरड्या जागेचा उल्लेख केला आहे ती आधी हाताने तयार होते, आणि मग नॉइज गेट नावाचे उपकरण उरलेली भुणभुण कापून टाकते. ते उपकरण आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की वाट पूर्ण बंद करते. पण हात नेमका नसेल तर गेट चुकीच्या ठिकाणी उघडतो आणि बंद होतो, आणि सगळी अव्यवस्था आणखी उघडी पडते.

कर्कश

पायपट्टी यांचे विवेचन मला पूर्ण मान्य आहे, परंतु तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर कदाचित तुम्हाला आवडणार नाही. डेथ मेटल आणि इंडस्ट्रियल यांचा संगम ऐकायचा असेल तर आधी १९९२ सालचा ‘सोल ऑफ अ न्यू मशीन’ ऐकावा. ‘डीमॅन्युफॅक्चर’ हा श्रेष्ठ अल्बम आहे, पण त्याला सरसकट डेथ मेटल म्हणता येईल असे मला वाटत नाही.

‘सोल ऑफ अ न्यू मशीन’ रोडरनर कंपनीने ऑगस्ट १९९२ मध्ये काढला. त्यात सतरा रचना आहेत. निर्माता होते कॉलिन रिचर्डसन, ज्यांनी त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडच्या कारकस या बँडचा ‘नेक्रोटिसिझम’ केला होता. म्हणजे त्या काळच्या डेथ मेटलचा आवाज घडवणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक या बँडजवळ बसला होता. त्याआधी १९९१ साली बँडने निर्माते रॉस रॉबिन्सन यांच्याबरोबर एक संपूर्ण अल्बम मुद्रित केला होता, पण कराराच्या वादात तो अडकला आणि ‘काँक्रीट’ या नावाने थेट २००२ साली बाहेर आला. हे तिन्ही अल्बम क्रमाने ऐकले तर एक बँड आपल्याला काय हवे आहे हे हळूहळू ओळखत जाताना ऐकू येतो, आणि मला स्वतःला ही वाटचाल कोणत्याही एका अल्बमपेक्षा अधिक मोलाची वाटते.

१९९२ च्या अल्बममध्ये डेथ मेटलचे अंग शाबूत आहे. वेगाने एकसारखे घासले जाणारे रिफ आहेत, ब्लास्ट बीट म्हणजे ड्रमवरचा अतिवेगवान सलग मारा आहे, गुरगुर जवळजवळ सर्वत्र आहे, रचना आडव्यातिडव्या वळतात. इंडस्ट्रियल अंश मात्र पुष्कळदा बाजूला उभा आहे. दोन गाण्यांच्या मध्ये चित्रपटांतले संवाद येतात, यंत्रांचे आवाज येतात, ‘नतिविदाद’सारखा छोटा ध्वनिखंड येतो, आणि मग पुन्हा डेथ मेटल सुरू होते. दोन पदार्थ एका ताटात वाढले आहेत, पण अजून कालवलेले नाहीत. तरीही ‘मार्टर’ या पहिल्याच गाण्यात गुरगुर आणि स्वच्छ स्वर शेजारी शेजारी आले आहेत, आणि १९९२ साली डेथ मेटल ऐकणाऱ्या श्रोत्यासाठी ही गोष्ट किती अनपेक्षित होती हे आज सांगून पटायचे नाही, कारण त्यानंतरच्या तीस वर्षांत शेकडो बँडनी तीच जोडी वापरून ती नेहमीची करून टाकली आहे.

‘डीमॅन्युफॅक्चर’मध्ये उलट घडले. तिथे डेथ मेटलची अवजारे ठेवली आणि इमारत पाडली. दाबलेले स्वर, दुहेरी बास ड्रम, खर्जातला आवाज ही अवजारे आहेत. ब्लास्ट बीट फारच कमी झाले, आडवळणाच्या रचनांच्या जागी कडवे आणि ध्रुवपद आले, गिटारचे एकल वादन तर जवळजवळ हद्दपार झाले. तुम्हाला इतर डेथ मेटलशी साम्य जाणवत नाही याचे कारण हेच आहे, आणि तुमचा कान बरोबर सांगतो आहे.

गायनाच्या प्रश्नाचे मूळ शोधायचे तर लॉस एंजेलिस सोडून बर्मिंगहॅमला जावे लागेल. तिथल्या गॉडफ्लेश या बँडचा ‘स्ट्रीटक्लीनर’ हा अल्बम इअरएक कंपनीने १९८९ साली काढला. जस्टिन ब्रॉड्रिक गिटार वाजवतात आणि गातात, जी. सी. ग्रीन बास वाजवतात, आणि ड्रम खरोखरच यंत्र वाजवते. हे ब्रॉड्रिक त्याआधी नेपाम डेथ या बँडमध्ये होते आणि त्यांच्या ‘स्कम’ या १९८७ च्या अल्बमच्या पहिल्या बाजूवर गिटार त्यांचीच आहे, म्हणजे अतिवेगाच्या संगीताच्या जन्मस्थानी हजर असलेल्या माणसाने दोन वर्षांत वेग पूर्ण सोडून दिला आणि ड्रमचे यंत्र घेऊन संथ, जड, पुनःपुन्हा तेच बोलणारे संगीत केले. ‘लाइक रॅट्स’ हे पहिले गाणे ऐकावे. यंत्राचा ठोका कणभरही झुकत नाही आणि त्याच्यावर माणसाचा आवाज फाटत जातो. बेल यांच्यावर गॉडफ्लेशचा प्रभाव उघड आहे. ‘डीमॅन्युफॅक्चर’मधले ‘डॉग डे सनराइझ’ हे गाणेही मूळ हेड ऑफ डेव्हिड या इंग्लिश बँडचे आहे, ज्यात ब्रॉड्रिक काही काळ ड्रम वाजवत होते.

मेळवणी

मी मुंबईत ध्वनिमिश्रणाचे काम करते. वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक दुवा राहून गेला आहे आणि माझ्या मते या अल्बमचे खरे वळण तिथेच आहे.

१९९३ साली फिअर फॅक्टरीने ‘फिअर इज द माइंडकिलर’ हा छोटा संच काढला. त्यात पहिल्या अल्बममधली गाणी व्हँकुव्हरच्या फ्रंट लाइन असेंब्ली या इलेक्ट्रॉनिक बँडच्या रीस फुल्बर आणि बिल लीब यांनी पुन्हा घडवली आहेत. डेथ मेटलचा बँड आपली गाणी नृत्यसंगीताच्या माणसांच्या हाती देतो, हे त्या काळी मेटलच्या अनेक श्रोत्यांना रुचण्यासारखे नव्हते. पण त्या संचात ‘स्कमग्रीफ’चे जे रूप आहे ते मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐकावे. गिटारच्या एका रिफचा तुकडा कापून तो पुनःपुन्हा लावला आहे. हाताने चार वेळा वाजवलेला रिफ चार वेळा किंचित वेगळा असतो, पण एकदा वाजवून चार वेळा चिकटवलेला रिफ चारही वेळा तोच असतो, आणि त्या तंतोतंत पुनरावृत्तीतून एक वेगळाच दाब तयार होतो. माझा अंदाज असा आहे की आपले संगीत असेही ऐकू येऊ शकते हे बँडला तिथे कळले, आणि पुढच्या अल्बमसाठी तोच दाब हातापायांनी निर्माण करायचा त्यांनी ध्यास घेतला.

‘डीमॅन्युफॅक्चर’ न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत मुद्रित झाला आणि निर्माता पुन्हा कॉलिन रिचर्डसन होते. त्यांनी केलेले मिश्रण बँडला पसंत पडले नाही, कारण त्यात गिटार आणि ड्रम पुढे होते आणि इलेक्ट्रॉनिक आवाज मागे दबले होते. शेवटी रीस फुल्बर आणि ग्रेग रीली यांनी बँडबरोबर बसून मिश्रण नव्याने केले. रिचर्डसन यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मेटलच्या दृष्टीने गिटार पुढे ठेवणे हाच त्या काळचा योग्य निर्णय होता. परंतु या अल्बमला जे सांगायचे होते ते कीबोर्ड मागे ठेवून सांगता आले नसते.

हे तपासून पाहायचे असेल तर ‘झिरो सिग्नल’ हेडफोन लावून ऐकावे. सुरुवातीला जो लांब, थंड स्वर पसरतो तो गिटार आल्यावर संपत नाही, तो खाली जाऊन बसतो. गिटारचे स्वर दाबलेले आणि तोकडे असल्यामुळे त्यांच्या मधल्या फटींतून तो सतत दिसत राहतो. कर्कश यांनी १९९२ च्या अल्बमबद्दल ताटाची उपमा दिली, तिला धरून सांगायचे तर येथे पदार्थ कालवले गेले आहेत, कारण गिटारने आपली जागा आक्रसून घेतली आणि इलेक्ट्रॉनिक स्वराला श्वास घ्यायला फटी मिळाल्या. गाण्याच्या शेवटी बाकी सगळे ओसरते आणि पियानोसारखा एकाकी स्वर उरतो. तो ऐकला की माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. कामाच्या निमित्ताने मी दिवसभर आवाज वेगवेगळे करत असते, आणि इतकी वर्षे झाली तरी या गाण्यातला कोणता थर कुठे संपतो हे मला एका ऐकण्यात सांगता येत नाही.

धोटा

माझे बालपण इचलकरंजीत गेले. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांचा कारखाना होता, आणि त्यामुळे वर पायपट्टी यांनी यंत्रपणाबद्दल जे लिहिले आहे त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते.

यंत्राचा आवाज एकसारखा असतो ही समजूत यंत्राजवळ न राहिलेल्या माणसाची आहे. जुन्या मागात धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला फेकला जातो, लाकडावर आदळतो आणि परत येतो. एकच माग चालू असेल तर त्याची खटखट मोजता येते. पण एका छताखाली वीस माग चालू असले की प्रत्येकाची गती थोडी निराळी असते, त्यामुळे काही क्षण ते सगळे एकत्र येतात, मग पांगतात, आणि पुन्हा कधीतरी एकत्र येतात. लहानपणी अंथरुणात पडल्यापडल्या मी त्या एकत्र येण्याची वाट पाहत असे. धागा तुटून एक माग थांबला की आमच्या शेजारचे काका झोपेतून जागे होत. आवाज वाढल्याने ते कधीच जागे झाले नाहीत, पण एक आवाज कमी झाला की लगेच डोळे उघडत. कारखान्यात शिरल्यावर कोणता माग बिघडण्याच्या बेतात आहे हे त्यांना पाहण्याआधी ऐकून कळत असे.

‘डीमॅन्युफॅक्चर’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला अनोळखी असे काही वाटलेच नाही. उलट असे वाटले की येथे कोणीतरी वीस मागांना एकाच धोट्यावर आणले आहे. प्रत्यक्ष कारखान्यात जे क्षणभर घडते आणि निसटते, ते हे लोक चार चार मिनिटे धरून ठेवतात. मला या संगीतात यंत्राचे अनुकरण ऐकू येत नाही. यंत्रांना कधीही न साधलेली एकवाक्यता ऐकू येते, आणि ती माणसांनी साधली आहे म्हणून तिच्यात भीती आहे.

त्यामुळे मेळवणी यांच्या एका मुद्द्याशी मी नम्रपणे असहमत आहे. तुकडा कापून चिकटवण्याने येणारा दाब आणि हाताने साधलेला दाब हे एकच नाहीत. १९९७ साली याच गाण्यांची ‘रीमॅन्युफॅक्चर’ नावाची पुनर्घडणी आली, ज्यात फुल्बर यांच्याबरोबर जंकी एक्सएल यांचेही काम आहे, जे पुढे चित्रपटसंगीतकार म्हणून जगभर नावाजले. त्यात ठोके खरोखरच यंत्राचे आहेत, आणि मला तो अल्बम मूळ अल्बमपेक्षा पुष्कळच कमी यांत्रिक वाटतो. त्यात कोणी कशाशी झगडत नाही.

मेळवणी

तुमचे म्हणणे मी मान्य करते. ‘रीमॅन्युफॅक्चर’ मला आवडतो, पण तो ऐकताना खांदे सैल होतात आणि मूळ अल्बम ऐकताना ते आवळलेले राहतात, हा फरक मी अनेकदा अनुभवला आहे. त्याचे कारण तुम्ही नेमके पकडले आहे.

विलंबित

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ‘स्ट्रीटक्लीनर’, मग ‘सोल ऑफ अ न्यू मशीन’, मग तो छोटा संच आणि शेवटी पुन्हा ‘डीमॅन्युफॅक्चर’ असे चार दिवस क्रमाने ऐकले, आणि माझ्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल जे जाणवले ते येथे नोंदवतो, कारण ते बरोबर आहे की नाही हे मला तुमच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

हा अल्बम एक सलग कथा सांगतो. यंत्रांच्या बळावर चालणाऱ्या सत्तेविरुद्ध उभा राहिलेला एक माणूस तिच्या केंद्रस्थानी आहे. ‘एच-के’ हे गाणे ‘टर्मिनेटर’ चित्रपटातल्या माणसांची शिकार करणाऱ्या यंत्रांवरून आलेले आहे हेही मी वाचले. त्यामुळे माझी आपोआप अशी समजूत झाली होती की गुरगुर हा यंत्राचा आवाज आणि स्वच्छ स्वर हा माणसाचा आवाज. या वेळी मी डोळे मिटून फक्त श्वासाकडे लक्ष दिले. गुरगुरीत श्वास ऐकू येतो. वाक्याच्या शेवटी आवाज फाटतो, घसा कोरडा पडल्याचे कळते, पुढच्या वाक्याआधी हवा आत ओढली जाते. स्वच्छ स्वरात मात्र श्वास जवळजवळ ऐकूच येत नाही. तो स्वर सरळ लागतो, त्यात कंप नाही, आंदोलन नाही, मींड नाही, आणि त्याच्याभोवतीच्या प्रतिध्वनीमुळे तो एका छातीतून आला आहे असे वाटत नाही. आमच्याकडे ज्या गोष्टींमुळे स्वराला जीव येतो असे शिकवतात, त्या सगळ्या त्यातून वगळलेल्या आहेत.

म्हणजे माझी वाटणी उलटी होती असे आता वाटते. संतापलेला, थकणारा आणि म्हणून जिवंत असलेला माणूस गुरगुरीत आहे, आणि स्वच्छ स्वर हा कुठेतरी फार लांबून, बहुधा यंत्राच्या बाजूने येतो आहे. तो ठिगळ वाटत नाही, कारण तो फुल्बर यांच्या कीबोर्डच्याच कुळातला आहे. मेळवणी यांनी सांगितलेल्या फटींतून जो थंड स्वर सतत दिसत राहतो, त्यालाच अधूनमधून शब्द फुटतात. शेवटचे ‘अ थेरपी फॉर पेन’ हे जवळपास दहा मिनिटांचे गाणे ऐकताना ही गोष्ट मला सर्वांत ठळक वाटली. त्यात लय विलंबित होते, स्वच्छ स्वर बराच काळ ठाण मांडून बसतो, आणि हळूहळू माणसाचा श्वास ऐकू येणे बंद होते. मागे राहते ती फक्त पसरत जाणारी नादाची चादर.

कर्कश

हे मी कधी असे ऐकले नव्हते. गेली वीस वर्षे मी त्या शेवटच्या गाण्याला दिलासा समजत होतो. एवढ्या माऱ्यानंतर श्रोत्याला दिलेली विश्रांती, असे मी इतरांनाही सांगत आलो. काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून ते पुन्हा लावले आणि या वेळी ते मला एखाद्याचा पराभव ऐकल्यासारखे वाटले.

एका बाबतीत मात्र मी माझ्या मताला धरून राहीन. तुमची ही वाटणी ‘डीमॅन्युफॅक्चर’ला लागू पडते, पण १९९२ च्या अल्बमला लागू पडत नाही. तिथे स्वच्छ स्वर थोडे कच्चे आहेत, काही ठिकाणी सुरापासून किंचित घसरतात, आणि त्यांच्यावर इतके संस्कारही झालेले नाहीत. ‘मार्टर’मधला तो स्वर मला अजूनही एका तरुण मुलाचा वाटतो, जो गुरगुर करून दमला आहे आणि क्षणभर आपल्या मूळ आवाजात बोलतो आहे. मला पहिला अल्बम अधिक जवळचा का वाटतो हे मला आजवर नीट सांगता येत नव्हते, आणि त्याचे उत्तर बहुधा हेच आहे की त्यात दोन्ही आवाज अजून माणसाचेच आहेत.

पायपट्टी

विलंबित यांना एक विनंती आहे. ‘डॉग डे सनराइझ’ पुन्हा ऐकताना या वेळी फक्त बास ड्रमकडे लक्ष द्यावे. ते गाणे मूळ दुसऱ्या बँडचे असल्यामुळे असेल, पण तिथे हेरेरा यांचे पाय गिटारच्या प्रत्येक आघाताचा पाठलाग करत नाहीत. लय मोकळी होते, झुलते, आणि जवळजवळ पाच मिनिटे अल्बमभरचा तो आवळलेला दोर सैल पडतो. त्यानंतर ‘बॉडी हॅमर’ सुरू होते आणि पाय पुन्हा गिटारला जखडले जातात. त्या दोन गाण्यांमधल्या सांध्यावर एकदा कान ठेवून पाहा.